गोणीतली हाडं आणि करवतीची खूण

कॅथी राइक्सच्या टेम्परन्स ब्रेनन सिरीजमधलं पहिलं पुस्तक, 'डेजा डेड', 1997 चं, मी पीजी करताना हॉस्टेलवर वाचलं आणि मग हातात मिळतील तसे पुढचे भाग वाचत गेले. लेखिका स्वतः फॉरेन्सिक अँथ्रोपॉलॉजिस्ट, म्हणजे हाडांवरून मेलेल्या माणसाबद्दल सांगणारी, मॉन्ट्रियलच्या लॅबमध्ये खरोखर काम केलेलं, त्यामुळे हाडांबद्दल उगाच काहीतरी ठोकून दिलेलं नसतं. ('बोन्स' ही टीव्ही सिरीयल यावरूनच, पण तिच्यातली ती चकाचक लॅब बघून मला फक्त हसू येतं.) तर त्या पहिल्या पुस्तकात एका सेमिनरीच्या (पाद्री घडवणाऱ्या शाळेच्या) आवारात हाडं सापडतात, जुनं दफन असेल असं समजून नायिकेला, म्हणजे ब्रेननला, बोलावतात आणि निघतो ताजा खून. आमच्याकडे गेल्या पावसाळ्याआधी बरोब्बर उलटं झालं.

मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात फॉरेन्सिक मेडिसिनला आहे. आपल्याकडे अँथ्रोपॉलॉजिस्टची वेगळी पोस्ट सहसा नसतेच, हाडं आली की आम्ही आणि अॅनाटॉमीवाले मिळून बघतो. नालेसफाई करताना जेसीबीच्या बकेटमध्ये गोणी आली, त्यात कवटी दिसली, ड्रायव्हर मशीन सोडून पळाला, मग पंचनामा, अकस्मात मृत्यूची नोंद, आणि सील केलेली गोणी आमच्या टेबलावर. सोबत पोलिसांचं नेहमीचं पत्र. हाडं माणसाची का, एकाची का जास्त जणांची, बाई का पुरुष, वय, उंची, मरून किती काळ झाला, मृत्यूचं कारण काय.

पीएसआय साहेब तरुण होते आणि त्यांचं उत्तर आधीच ठरलेलं होतं, कारण त्याच भागातली एक बाई बरेच महिने मिसिंग होती आणि तिच्या भावाला ते सोबतच घेऊन आले होते, तो बाहेर बाकावर बसलेला. मला हे अजिबात आवडलं नाही, पण आता आलाच होता तर काय.

चिखलाने हाडं काळी पडलेली. पहिलं खुब्याचं हाड हातात घेतलं, मागची खाच चांगली रुंद, म्हणजे बहुधा बाईच. साहेबांनी लगेच हवालदारांकडे बघितलं. मग मांडीची हाडं लावायला घेतली तर दोन निघाली आणि दोन्ही डावी. एका माणसाला दोन डाव्या मांड्या नसतात, म्हणजे कमीत कमी दोन माणसं. "डबल मर्डर?" साहेबांचा आवाज चढला, आणि तेवढ्यात हवालदार काकांनी कवटीकडे बोट दाखवलं, "मॅडम, ही तर करवतीने कापलीय!"

खरंच कापलेली होती. आता 'डेजा डेड'मध्ये तर सगळं प्रकरण करवतीच्या दातांच्या खुणांवर फिरतं, त्यामुळे क्षणभर माझ्याही अंगावर काटा आला हे कबूल. पण ही चीर कपाळापासून मागेपर्यंत सरळ गोल फिरलेली, डब्याचं झाकण काढावं तशी. पोस्टमॉर्टेमला आम्ही पण कवटी उघडतो, पण तिथे बहुतेक वेळा चिरेला कुठेतरी कोन ठेवतो म्हणजे वरचा भाग परत बसवल्यावर सरकत नाही. इथे कोन नाही, उलट चिरेच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं, एकात गंजलेला हुक अजून अडकलेला.

मग नळाखाली मऊ ब्रशने एक मांडीचं हाड धुतलं. चिखल गेला तशी खाली पिवळसर वार्निशची चमक आली, आणि मागच्या कडेला लाल आणि निळे पट्टे. लाल म्हणजे स्नायू जिथून निघतो ती जागा, निळा म्हणजे जिथे जाऊन चिकटतो ती. फर्स्ट एमबीबीएसला आम्ही सगळ्यांनी रात्र रात्र बसून हेच रंगवलेलं आहे. अॅनाटॉमीचे सर आले, त्यांनी हाड फिरवून टोकाजवळचा शाईचा पुसट नंबर दाखवला आणि म्हणाले, "अगं, हा कुणाचा तरी बोन सेट आहे." म्हणजे मेडिकलच्या मुलांचा अभ्यासाचा हाडांचा संच, कवटीचं झाकण लावायला हुक असलेला. हे सेट सीनियरकडून ज्युनियरकडे विकत जातात, एखादं हरवलं की दुसऱ्या सेटमधलं घालतात, म्हणून दोन डाव्या मांड्या.

साहेबांचा चेहरा पडला, पण माणूस कामाचा निघाला, त्यांनी नाल्याकाठची घरं विचारत शोध लावला. एक म्हातारे डॉक्टर वारल्यावर घर विकलं होतं, नव्या मालकाला माळ्यावर पेटीत कवटी दिसली, घाबरून रात्रीच गोणी नाल्यात टाकली.

भावाला मीच सांगितलं की ही तुमची बहीण नाही. तो म्हणाला, "नक्की ना मॅडम?" वार्निश आणि हुक दाखवले तेव्हा त्याला पटलं. तिचं मिसिंग प्रकरण अजून उघडंच आहे.

आता या दोन माणसांचं काय, तर काही नाही. आपल्याकडून सांगाडे परदेशात पाठवायला 1985 ला बंदी आली, त्याआधी हा धंदा जोरात होता आणि त्याचं मोठं केंद्र कलकत्ता. हे सेट कुठून आले, माणसं कोण होती, याचा कागद कुठेच नाही. रिपोर्टात मृत्यूच्या कारणापुढे 'मत देता येत नाही' लिहिलं आणि शिकवण्यासाठी तयार केल्याच्या खुणा फोटोसकट नोंदवल्या.

रिपोर्ट न्यायला साहेब स्वतः आले, दोनदा वाचला आणि विचारलं, "मॅडम, मग गोणी टाकणाऱ्याला कुठलं कलम लावू?" म्हटलं ते तुमचं खातं, वरिष्ठांना विचारा. ते तिथेच उभे राहून फोन लावत होते.