ऑरियसवरचे लेख: आता सालापर्यंत पोहोचतोय

मंडळी, ऑरियस म्हणजे रोमन सोन्याचं नाणं. सध्या त्यावरचे चेहरे आणि देवता बाजूला ठेवून फक्त कडेचे लेख वाचतोय. संग्रहालयांनी दिलेली मोठी छायाचित्रं समोर ठेवायची, एकेक अक्षर वहीत उतरवायचं आणि मग शब्द सोडवायचे. संक्षेपांची सवय झाली की नाणं स्वतःच आपलं साल सांगतं.

सगळ्यात जास्त रमलो ते रोमन सम्राट क्लॉडियसच्या ऑरियसवर. दर्शनी बाजूला मुकुटधारी मुख आणि भोवती नाव. त्यानंतर पी एम, म्हणजे पाँटिफेक्स मॅक्सिमस, प्रधान पुरोहित. पुढे टी आर पी, म्हणजे ट्रिब्यूनचा (लोकप्रतिनिधी अधिकाऱ्याचा) अधिकार, आणि रोमन सहा. हा अधिकार सम्राटाला दरवर्षी नव्याने मोजला जाई. क्लॉडियस इ.स. ४१च्या जानेवारीत गादीवर आला, म्हणजे सहावं वर्ष ४६-४७. मागच्या बाजूला विजय-कमान, तिच्यावर घोडेस्वार, दोन्ही बाजूंना जिंकलेल्या शस्त्रांचे स्तंभ आणि कमानीच्याच पट्टीवर कोरलेलं 'दे ब्रितान्न': ब्रिटनवरच्या विजयाबद्दल. स्वारी ४३ची. पण रोममधल्या प्रत्यक्ष कमानीच्या शिलालेखाचं साल पडतं ५१-५२! इमारत पुरी होण्याआधीच तिचं चित्र सोन्यावर लोकांच्या हातात फिरत होतं. इतक्या लहान जागेत कमान, घोडा आणि वाचता येईल असा लेख बसवणाऱ्या त्या साचा कोरणाऱ्याला माझा मनापासून दंडवत.

सम्राट ऑगस्टसच्या नाण्यावर क्रमांक नाही, तिथे पदवीच कामी येते. 'पातेर पात्रिए', राष्ट्रपिता, ही पदवी त्याला इ.स.पू. २मध्ये मिळाली, म्हणजे नाणं त्याआधीचं असूच शकत नाही. मागे गायस आणि लुसियस हे दत्तक पुत्र, मध्ये ढाली-भाले.

ऑरियस भारतातही भरपूर मिळाले. १८९८मध्ये तमिळ मुलखात पुदुकोट्टईला ५०१ ऑरियस सापडले, ऑगस्टसपासून सम्राट व्हेस्पासियनपर्यंतचे. बहुतेकांच्या मुखावर छिन्नीचा घाव आहे. त्यामुळे अशा नाण्यांसाठी लेख वाचता येणं फार मोलाचं, असं माझं ठाम मत.

पुढचा नंबर सम्राट ट्राजनचा. त्याच्या फोरमच्या (रोममधल्या सार्वजनिक चौकाच्या) ऑरियसवर टी आर पीला आकडाच नाही, म्हणून सहाव्या कॉन्सलपदावरून (कॉन्सल म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी), म्हणजे इ.स. ११२पासून, मोजायला सुरुवात करणार आहे.