काट्याचं पासिंग आणि एका आकड्याची अडवणूक

इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी पडताळणी करून सरकारी शिक्का लागतो, बाजाराच्या भाषेत पासिंग, हे किराणावाल्याला सांगायला नको. मधेच काटा दुरुस्त केला तर मुदत शिल्लक असली तरी पुन्हा शिक्का लागतो, हे मात्र निम्म्या बाजाराला माहीत नसतं. काटा उघडायचा म्हणजे शिशाचं सील तोडावं लागतं, आणि सील तुटलं की तो काटा बिनशिक्क्याचा. मला हे ठाऊक होतं, म्हणून मी निवांत होतो. काटा न्यायचा, फी भरायची, शिक्का मारून आणायचा. यात अडण्यासारखं काय आहे?

2022 ची दिवाळी उरकली आणि आमच्या काट्याचा आकडा नाचायला लागला. पारड्यात काही नसताना सात-आठ ग्रॅम दाखवायचा, फुंकर मारली की उतरायचा. काटेवाल्याला बोलावलं. लोडसेल, म्हणजे आतला वजन जोखणारा भाग, गेलाय म्हणाला, बदलून दिला. परवाना असलेला माणूस, हात साफ. जाताना म्हणाला, "पासिंगचं माझ्यावर सोडा, शेठ," आणि एक रकमी आकडा सांगितला. त्यात सरकारची फी किती आणि तुमचे किती, असं विचारलं तर "सगळं धरून" एवढंच उत्तर.

काटा पडताळणीला काटेवाल्यानेच नेला पाहिजे असं नियमात कुठेही नाही. काटा वापरणाऱ्याने स्वतः नेला तर चालतो, किंबहुना तो वेळेवर हजर करण्याची जबाबदारी त्याचीच आहे. काटेवाल्याकडून करून घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण सरकारी फीची पावती वेगळी आणि त्याच्या मजुरीची वेगळी मागा. मी म्हटलं, आपणच जाऊ. दुरुस्तीची चिठ्ठी घेतली आणि काटा पोत्यात गुंडाळून स्कूटरवर टाकला.

आमच्याकडे सगळे त्याला वजनमापाचं ऑफिस म्हणतात. पाटीवर नाव मोठं आहे, 'निरीक्षक, वैधमापन शास्त्र'. खातं अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभागाच्या हाताखालचं. दोन खोल्या, एक टेबल, एक लिपिक. निरीक्षकांकडे शेजारच्या तालुक्याचाही कारभार, त्यामुळे साहेब कधी इथे, कधी तिथे, आणि प्रमाणित वजनांची पेटीही साहेबांबरोबर फिरती.

लिपिकाने गेल्या वर्षीचं प्रमाणपत्र मागितलं, मी दिलं. काट्याच्या बुडाला ॲल्युमिनियमची पट्टी असते, तिच्यावर कंपनीचं नाव, मॉडेलचा मंजुरी क्रमांक, कमाल वजन, किमान वजन आणि काट्याचा अनुक्रमांक कोरलेला असतो. त्याने काटा उलटा केला, पिठाची पुटं अंगठ्याने पुसली, एकदा पट्टीकडे बघितलं, एकदा कागदाकडे, आणि म्हणाला, "हा काटा तो नव्हे."

पट्टीवर शेवटचे चार आकडे 4836. प्रमाणपत्रावर 4886.

मी म्हटलं, साहेब, टायपिंगची चूक आहे, तिनाच्या जागी आठ पडलाय. तो म्हणाला, प्रमाणपत्रावर जे आहे ते आहे. मी म्हटलं, प्रमाणपत्र तुमच्याच ऑफिसातून आलंय. त्यावर म्हणाला, तेव्हा मी इथे नव्हतो. यावर माणूस काय बोलणार?

वर आणखी एक गंमत. काटेवाल्याने दुरुस्तीच्या चिठ्ठीवर अनुक्रमांक लिहिताना काटा उलटा करायचे कष्ट घेतले नव्हते, दुकानात फ्रेममध्ये लावलेल्या प्रमाणपत्रावरूनच उतरवून घेतला होता. म्हणजे आता चुकीचा नंबर दोन कागदांवर, आणि बरोबर नंबर फक्त काट्याच्या बुडाला. लिपिकाला तर पुरावाच सापडला. "बघा, दुरुस्तीवाल्यानेही हाच नंबर टाकलाय. तुमचा 4886 वाला काटा कुठाय?" जणू मी कुठलातरी चोरटा काटा पास करून घ्यायला आलो होतो.

मग त्याने दोन वाटा सांगितल्या. एक, हा नवा काटा समजून करायचा. त्यासाठी खरेदीचं बिल आणि काटा विकला तेव्हाचं पहिलं पडताळणी प्रमाणपत्र आणा. दोन, प्रमाणपत्रातली चूक दुरुस्त करून हवी असेल तर जिल्ह्याच्या ऑफिसात अर्ज करा. जिल्ह्याला गेलो. तिथे सांगितलं की प्रमाणपत्र ज्या निरीक्षकाने दिलं त्याच्याच कार्यालयात दुरुस्ती होते, इथे कशाला आलात? परत इकडे. इकडे साहेब दुसऱ्या तालुक्यात कॅम्पला. तिकडे फोन केला तर कॅम्प आटोपून निघालेले. पुढे 24 डिसेंबर जवळ आला. त्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक दिन असतो, आणि या खात्याचा स्टॉल हमखास लागतो: वजनाखाली चिकटवलेलं चुंबक, तळ आत ठोकलेलं माप, ग्राहकाला कसं फसवतात याची प्रात्यक्षिकं. साहेब त्या तयारीत. फसवायचं नाही म्हणून स्वतःच्या पायाने शिक्का मारून घ्यायला आलेला दुकानदार मात्र बाहेरच्या बाकड्यावर.

बाजारातले लोक म्हणत होते, कशाला एवढा घोळ घालतोस, लाव काटा आणि चालू कर, कोण बघतंय. तेव्हाच्या कायद्यात, म्हणजे 2009 च्या वैधमापन कायद्याच्या कलम 33 मध्ये, बिनपडताळणीचा काटा वापरल्यास पहिल्या वेळी दंड किमान दोन हजार, कमाल दहा हजार. पण दंडाचं सोडा. बुधवारी आमचा बाजार असतो. खेड्यावरची माणसं आठवड्याचा माल एकदम नेतात, विश्वासावर नेतात. सील तुटलेल्या काट्यावर त्यांना डाळ मोजून देणं मला जमणार नव्हतं. अण्णांच्या वेळची षटकोनी लोखंडी वजनं माळ्यावर होती, पण त्यांनाही दर दोन वर्षांनी पडताळणी लागते, आणि त्यांच्या बुडातल्या शिशावरचा शेवटचा ठसा वाचताही येत नव्हता.

शेवटी मेव्हण्याचा काटा आणला. त्याने दुकान बंद केलं होतं, पण काट्यावर चालू वर्षाचा शिक्का होता. हा काटा तीस किलोचा, पाच ग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा. अशा काट्यावर किमान वजन टप्प्याच्या वीसपट, म्हणजे शंभर ग्रॅम. त्याखालचं वजन त्यावर करायचंच नसतं. माझा काटा दहा किलोचा, एक ग्रॅमच्या टप्प्याचा, तो वीस ग्रॅमपासून चालतो. फरक मला कळला तो एका आजींनी पन्नास ग्रॅम जिरं मागितल्यावर. म्हटलं, आजी, शंभर घ्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे आता तू सांगणार मी किती जिरं खायचं?" आणि समोरच्या दुकानात गेल्या. तिथल्या काट्याला शिक्का होता का, हे मी पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण लिहीत नाही.

(नवा काटा घेणार असाल तर पट्टीवरचं कमाल-किमान आधी वाचा. आणि पट्टीवर मॉडेलचा मंजुरी क्रमांक नसेल, तर तो ऑनलाइन कितीही स्वस्त मिळो, त्याला शिक्का मिळणार नाही. असा काटा घेऊन आलेला एक भाजीवाला मी त्या बाकड्यावर बसल्या बसल्या परत जाताना पाहिला.)

बिल शोधायचं काम घरात लागलं. ज्याच्याकडून काटा घेतला तो विक्रेता कोविडनंतर गाशा गुंडाळून गेलेला. पण अण्णांची एक सवय आहे, आलेलं प्रत्येक बिल ते तारेत ओवतात. गोदामाच्या खुंटीला अशा तारांचे घोस लटकलेत आणि बायको दर दिवाळीला ते टाकून द्या म्हणते. त्यातल्या एका घोसात बिल निघालं. मधोमध तारेचं भोक, पण अनुक्रमांक शाबूत: 4836. त्यालाच टाचणीने लावलेलं पहिलं पडताळणी प्रमाणपत्र, त्यावरही 4836.

इतके दिवस तोंडी चाललं होतं, आता कागद केला. एका पानाचा अर्ज: काट्याचा तपशील, चुकलेला आकडा, बरोबर आकडा, सोबत बिलाची प्रत, पहिल्या प्रमाणपत्राची प्रत, पट्टीचा फोटो. दोन प्रती काढल्या, एक त्यांना आणि दुसरीवर आवक शिक्का, म्हणजे अर्ज मिळाल्याचा शिक्का, क्रमांक आणि तारीख. लिपिक म्हणाला, "ठेवून जा, बघतो." मी म्हटलं, शिक्का दिल्याशिवाय हलत नाही. खुर्चीवर बसलो आणि पेपर उघडला. अग्रलेख वाचून व्हायच्या आत शिक्का मिळाला. हा कागद मी पहिल्याच दिवशी का मागितला नाही असं कोणी विचारेल, तर पहिल्या दिवशी अर्ज घ्यायलाच तो तयार नव्हता. बिल पुढे आल्यावर त्याचा आवाज खाली आला.

निरीक्षक भेटले ते पुढच्या महिन्यात, सकाळी ऑफिस उघडायच्या वेळी. ही वेळ लक्षात ठेवा. कॅम्पला निघण्याआधी साहेब हमखास सापडतात, दुपारी कोणी सापडत नाही. त्यांनी अर्ज वाचला, पट्टीवर मोबाइलचा उजेड मारला, आणि लिपिकाला दोन वर्षांपूर्वीचं स्थळप्रतीचं, म्हणजे दिलेल्या प्रमाणपत्रांच्या ऑफिसात राहणाऱ्या प्रतींचं, पुस्तक काढायला सांगितलं. त्यात आमच्या दुकानाच्या नावापुढे स्पष्ट 4836. गेल्या वर्षीच्या पुस्तकात 4886. पुस्तकं त्याच कपाटात होती. लिपिकाच्या पाठीमागे, हात लांब केला असता तर पोचलं असतं. साहेबांनी काही टिप्पणी केली नाही, आकडा सुधारला, बाजूला सही केली.

मग खरी पडताळणी. ती बघण्यासारखी असते, कुणी बाहेर बसा म्हटलं तरी विनंती करून बघा. पितळी वजनं हातात न धरता कापडाने उचलून ठेवली. आधी कमी वजन, मग मध्यम, मग पूर्ण दहा किलो. नंतर कमाल वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचं वजन पारड्याच्या चारही कोपऱ्यांत फिरवलं, माल मधोमध न ठेवता कडेला ठेवला तरी आकडा तोच यायला हवा. शेवटी चिमट्याने मिलिग्रॅमची इवलीशी वजनं एकेक वाढवत आकडा नेमका कुठे उडतो ते पाहिलं. माझ्यासारख्या काट्याला शिक्का मारताना पाचशे ग्रॅमपर्यंत अर्धा ग्रॅम, दोन किलोपर्यंत एक ग्रॅम आणि त्यापुढे दीड ग्रॅम एवढीच चूक खपते. काटेवाल्याचं काम चोख निघालं, त्याच्यावर मी मनातल्या मनात बराच राग काढला होता तो थोडा मागे घेतला. तारेत शिशाची गोळी ओवून पकडीने दाबली, त्यावर वर्षाचे आकडे आणि तिमाहीचं अक्षर. जानेवारी ते मार्च म्हणून ए.

तेवढ्यात लिपिक म्हणाला, "साहेब, यांची जुनी मुदत डिसेंबरलाच संपली, विलंब शुल्क लागेल." मी खिशातून आवक शिक्क्याची प्रत काढली आणि टेबलावर ठेवली. तारीख डिसेंबरातली. साहेबांनी बघितली आणि म्हणाले, "नको लावू." पावती झाली नुसत्या फीची. काटेवाल्याने सांगितलेल्या रकमेच्या कितीतरी आत होती.

नवं प्रमाणपत्र हातात आल्यावर मी तिथेच काटा उलटा केला आणि लिपिकासमोर मोठ्याने एकेक आकडा वाचला. चार, आठ, तीन, सहा. आकडा बरोबर होता. दुकानाच्या नावातलं 'भांडार' मात्र 'भंडार' झालं होतं. लिपिक म्हणाला, "त्याने काय होतंय?" मी पुन्हा खुर्चीवर बसलो. त्याने मुकाट्याने नवीन प्रिंट काढून दिली.