महाराजबागेतले गुलाब: संक्रांतीच्या आसपास जा, सकाळी जा

गेल्या वर्षी मार्चअखेर मावशीला गुलाब दाखवायला नागपूरच्या महाराजबागेत नेलं आणि तोंडघशी पडलो. फुलं लिंबाएवढी, पाकळ्यांच्या कडा करपलेल्या. चूक माझीच. आपल्याकडे गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरात होते आणि त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी पहिला बहर येतो. एकदा ऊन तापलं की संपलं. म्हणून यंदा संक्रांतीच्या आठवड्यात गेलो.

सीताबर्डी मेट्रो स्टेशनवरून ऑटोनं पाच-सात मिनिटं लागतात. निघण्याआधी साप्ताहिक सुटीचा वार तेवढा विचारून घ्या. भोसल्यांची ही जुनी बाग आता कृषी महाविद्यालयाकडे आहे. पोरंटोरं आधी तिथल्या प्राणिसंग्रहालयाच्या पिंजऱ्यांकडे पळतात, त्यामुळे सकाळी गुलाबांच्या वाफ्यांपाशी निवांत उभं राहता येतं. सुगंधही तेव्हाच; ऊन चढलं की उडून जातो.

मावशी ‘डबल डिलाइट’पाशी अडकली. मलईच्या रंगाचं फूल, कडेला लाल. उन्हाकडचं फूल लालभडक, पानांआडचं जेमतेम गुलाबी.

“हे दोन झाडं आहेत काय रे?”

झाड एकच. या १९७७ सालच्या अमेरिकन वाणाचा लाल रंग ऊन लागेल तसा चढतो. म्हणून वाफ्याला पूर्ण फेरी मारा, एका बाजूनं पाहून पुढं जाऊ नका. फोटो काढताना आधी पाटीचा काढा, मग फुलाचा. दुसऱ्या एका बागेत पाट्या उन्हानं कोऱ्या झाल्या होत्या आणि माझ्याकडे चाळीस निनावी फोटो जमले! पाटीवर ‘दिल्ली प्रिन्सेस’ दिसला तर थांबा. गव्हाचे संशोधक डॉ. बी. पी. पाल यांचा वाण आहे तो.

खरी मजा मात्र माळीदादांनी आणली. ते उकिडवे बसून एका झाडाच्या बुडाशी माती उकरत होते. “खुंटाची फूट आहे हे. ठेवली तर वरचा गुलाब मारून टाकते.” खुंट म्हणजे ज्या रानटी गुलाबावर कलम करतात ते खालचं झाड. त्यांनी ती कात्रीनं कापली नाही, मुळापासून ओढून काढली, कापली की पुन्हा फुटते म्हणे. तिच्या एका देठाला सात पानं होती, वरच्या गुलाबाला पाच. पण नुसत्या मोजणीवर जाऊ नका, काही कलमी गुलाबांनाही सात येतात. फूट डोळा भरलेल्या, म्हणजे कलम जोडलेल्या, जागेच्या खालून आली का, ते बघा.

माळीदादांना काळ्या मातीचंही विचारलं. पाणी धरून ठेवते, आणि गुलाबाला तर साचलेलं पाणी अजिबात खपत नाही. शेणखत आणि थोडी वाळू मिसळा, किंवा सरळ कुंडीत लावा.

परतताना कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खाल्ले. घरी पोचताच मावशी चपलेसकट गच्चीवर गेली. फूल न देणाऱ्या तिच्या लाडक्या गुलाबाची पानं मोजली, बुडाची माती उकरली. वरचं कलम कधीच वाळलं होतं. दोन वर्षं ती खुंटालाच खत घालत होती.