चौखांबीसाठी लाकूड घेताना

घरामागच्या ओट्यावर कौलारू चौखांबी उभी करायची म्हटल्यावर घरच्यांनी एकमुखानं लोखंडी पाइप आणि पत्रा सुचवला. मेढ्याकडचा पाऊस बघता त्यांचंही खरंच होतं. माण-खटावच्या कोरड्या भागात उघड्यावरचं लाकूड उन्हानं तडकतं. आमच्या जावळी तालुक्यात ते जूनपासून दसऱ्यापर्यंत धड सुकतच नाही. आणि लाकडात वीस टक्क्यांच्या वर ओल मुक्कामाला राहिली की बुरशीचं फावतं. तरी मला लाकूडच हवं होतं: १२ बाय १६ फूट, चारी बाजू मोकळ्या, जोड कुसू-खोबणीचे, म्हणजे एका लाकडाचं कोरलेलं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसणारे.

दिवाळी झाल्यावर सुतारमामांना घेऊन साताऱ्यातल्या वखारी पालथ्या घातल्या. "सागवान न्या, डोळे झाकून," हे वाक्य सगळीकडे सारखंच. मामांनी एका ओंडक्याचं कापलेलं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं. भुसा गेला आणि मधला तपकिरी गाभा एकदम उठून दिसला. त्याच्याभोवती दोन बोटं रुंद फिकट कडं. "ताई, वाळवी काय सागाची पावती बघती व्हय? जे काय तेल हाय ते गाभ्यात. ह्या पांढऱ्यात न्हाई." झाड कोणतंही असो, बाहेरचा पांढरा भाग कीड आणि बुरशीपुढे टिकत नाही. साग त्याला अपवाद नाही. लागवडीतला कोवळा साग बारीक असतो. त्यातून ५ बाय ५ इंचांचा खांब काढला तर गाभा मधोमध राहतो आणि चारही कोपरे पांढरे येतात. पावसाची झड पहिली बसते ती नेमकी कोपऱ्यांवर.

पैसेही त्या पांढऱ्याचे तेवढेच मोजावे लागतात. चिरीव लाकडाचा हिशेब सोपा आहे: रुंदी गुणिले जाडी इंचात, गुणिले लांबी फुटात, भागिले १४४. नऊ फुटांचा ५ बाय ५ खांब म्हणजे जवळजवळ १.५६ घनफूट. मी वखारीत मोबाइलवर हे मांडत बसले की दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. शेवटी चार खांब जाड ओंडक्याच्या गाभ्यातून, समोर उभं राहून चिरून घेतले. महाग पडले. इथं काटकसर करण्यात अर्थच नव्हता.

तुळयांसाठी साग परवडणार नव्हता. मग ऐन. मगरीच्या पाठीसारख्या सालीचं हे झाड आमच्या भागात परकं नाही, जुन्या घरांच्या तुळयांत ते सर्रास सापडतं. आमच्या बांधावरही एक आहे. "तेच पाडा की," असं सुचवणारे भेटलेच. पण स्वतःच्या मालकीचा असला तरी ऐन तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, आणि माल हलवायचा तर वाहतुकीचा पास वेगळा. त्या झाडाला हात लावायचा नाही असं ठरवून वखारीतूनच पावतीसह घेतलं.

ऐन सागाहून बराच जड. घनमीटरला साग साधारण साडेसहाशे किलो भरतो, ऐन साडेआठशेच्या आसपास. कौलांचं ओझं पेलायला उत्तम, पण स्वभावानं हट्टी. घाईनं उन्हात वाळवला की फाटतो. म्हणून तुळया गोठ्याच्या सावलीत, मध्ये रिपा घालून, हवा खेळेल अशा रचल्या आणि टोकांना जुना ऑइल पेंट फासला. लाकडातलं पाणी टोकांतून सगळ्यात लवकर उडतं आणि भेगाही तिथूनच सुरू होतात. शिवाय ऐनात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर, ओल्या लोखंडाशी गाठ पडली की काळे ओघळ येतात. त्यामुळं जोडांत बाभळीच्या खुंट्या, आणि जिथं बोल्टशिवाय भागेना तिथं स्टेनलेस स्टील.

बाकीच्या लाकडांना नकार द्यायला फार वेळ लागला नाही. नीलगिरी सरळ दिसते, सुकताना पीळ खाते. आंबा सेंट्रिंगच्या फळ्यांना ठीक. पाचगणीकडून सिल्व्हर ओक स्वस्तात मिळत होता, पण उघड्या पावसात तो टिकत नाही. जांभळावर मात्र वाद झाला. पाण्यात ते वर्षानुवर्षं टिकतं हे शेजारच्या आण्णांचं म्हणणं खोटं नाही. कायम बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही, म्हणून बुरशीही लागत नाही. आज भिजणार, उद्या वाळणार, परवा पुन्हा भिजणार, अशा खांबाची गोष्टच निराळी. आण्णांना ते अजून पटलेलं नाही.

वासे मिळाले वाईला, पाडलेल्या वाड्याच्या मालातून. जुना साग, पूर्ण वाळलेला, आता वाकायचं-आखडायचं काही शिल्लक नाही. पण सॉ मिलवाला हात लावेना. आत खिळा राहिला असेल तर त्याच्या करवतीचा पट्टा जातो. मामांनी स्पीकरमधलं लोहचुंबक प्रत्येक वाशावरून फिरवलं. जिथं ते अडकलं तिथं खडूची फुली, मग पकडीनं खिळा बाहेर. निम्मे खिळे घडीव, चौकोनी डोक्याचे निघाले.

खांब जमिनीत गाडायचे नाहीत हे आधीपासून ठरलं होतं. जमिनीलगतच्या वीतभर भागात ओल आणि हवा दोन्ही मिळतात, आणि खांब कुजतो तो तिथंच. वाड्यांचे खांब दगडी तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या घडीव दगडावर, उभे असतात ते उगाच नाही. आम्हीही काळ्या दगडाचे तळखडे बसवले, माथ्याला बाहेरच्या बाजूला उतार दिला, आणि वाऱ्यानं खांब सरकू नये म्हणून मधोमध स्टीलची कांब घातली. व्हार्निश टाळलं. त्याचा पापुद्रा एकदा फुटला की पाणी आत शिरतं आणि आतच राहतं. नुसतं तेल दिलंय, ते दर उन्हाळ्यात पुन्हा द्यावं लागेल.

पहिल्या पावसाळ्यानंतर एका तुळईला लांबीच्या दिशेनं भेग दिसली. मामांनी त्यात पोस्टकार्ड सरकवून खोली बघितली आणि जोडापर्यंत पोचलेली नाही म्हणून सोडून दिली. कौलांखालच्या रिपा तेवढ्या साध्या लाकडाच्या आहेत. त्या आधी जाणार हे माहीत होतं, म्हणून खिळ्यांऐवजी स्क्रूनं बसवल्यात. कौलं उतरवली की एकेक सुटी काढून बदलता येईल.