मस्टँगची गळती सापडली, आता काउल उघडायचं

मंडळी, सापडली एकदाची! काचेचं रबर नवीन बसवूनही पॅसेंजरच्या पायाखालचा गालिचा भिजतच होता. काल हीटरचा डबा काढला, टॉर्च घेऊन डॅशखाली आडवा झालो आणि बायकोला वरून काउलच्या, म्हणजे हूड आणि पुढची काच यांच्यामधल्या हवा आत घेणाऱ्या पत्र्याच्या पोकळीच्या, जाळीवर पाण्याचा पाइप सोडायला सांगितलं. आधी तांबूस थेंब, मग सरळ धार. हवेच्या भोकाभोवतीच्या उभ्या टोपीच्या बुडाशी पत्र्याची पार चाळण झाली आहे.

फोर्डच्या १९६७ च्या मस्टँगचा हा ठरलेला आजार. दोन पत्रे स्पॉट वेल्डने जोडून केलेलं बंद काउल, आत पानं-माती साचते, हात पोचत नाही आणि आतून रंग जेमतेम. खालून प्लास्टिकची टोपी चिकटवून एका दुपारीत मोकळं होता येतं, पण वरचा गंज तसाच खात राहणार. ह्या गाडीचा चासी नंबर ७एफ०१सी ने सुरू होतो, म्हणजे डिअरबॉर्नमध्येच बनलेली, २८९ घनइंची इंजिनाची कूपे. तिला मी ठिगळ लावणार नाही.

म्हणजे हूड, बिजागऱ्या, दोन्ही फेंडर, पुढची काच, डॅशपॅड सगळं उतरवायचं आणि वेल्ड एकेक करून काढायचे. त्यासाठी दातेरी कटर अजिबात घेऊ नका, पिन घसरते आणि दाते झडतात. ८ मिलीमीटरचं कोबाल्ट ड्रिल महाग आहे, पण जपून चालवलं तर खालचा पत्रा शाबूत राहतो. नवा वरचा पत्रा आलाय, त्याची काचेकडची कड दोन-तीन मिलीमीटर उंच आहे. विक्रेता म्हणतो, ठोकून बसवा. परत पाठवतोय.

शेजारीच मित्राची ६७ ची शेव्हरोले कॅमॅरो उभी असल्याने तुलना रोजचीच. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) दोघींचा १०८ इंच, पण कामाला कॅमॅरो सरस. पुढचा सबफ्रेम, म्हणजे इंजिन पेलणारा सांगाडा, बोल्टवर आहे, इंजिनासकट खाली घेता येतो. मस्टँगचे शॉक टॉवर (पुढचं सस्पेन्शन धरणारे पत्र्याचे खांब) इंजिनाला इतके खेटून की प्लग काढताना बोटं सोलतात. ठिणगीचं टायमिंग लावायला मात्र मस्टँगच! प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर पुढे, समोर हाताशी. कॅमॅरोत तो मागे फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, टेकलेला. शिवाय तिचे मागचे स्प्रिंग एकपाती, जोरात निघालं की मागची चाकं थडथडतात. पाणी तिच्यातही शिरतं, मागच्या काचेच्या खोबणीतून थेट डिकीत.

हे लिहिता लिहिताच ठरवलं: फेंडर निघतातच आहेत, तर आर्निंग ड्रॉप हा सस्पेन्शनचा बदलही उरकतो. पुढचं चाक धरणाऱ्या वरच्या कंट्रोल आर्मची भोकं १ इंच खाली घ्यायची, बस. फोर्डच्या क्लाउस आर्निंग यांनी मांडलेली ही भूमिती शेल्बीने मस्टँगवरून बनवलेल्या १९६५ च्या जीटी ३५० मध्ये आली. वळणावर बाहेरचं चाक जास्त सरळ टेकतं. डिस्क ब्रेक बसवायचं काम आता पुढच्या वर्षी.

६७ साठीचं, ही भोकं कुठे पाडायची ते दाखवणारं ड्रिलिंग टेम्प्लेट कुणी वापरलंय का? ६५-६६ ची मापं माझ्याकडे आहेत, ती डोळे झाकून लावायची नाहीत.