मोरजी ते हरमल: भाषा जुळत नसेल तेव्हा

गोव्यात म्हापशाहून शिवोलीचा पूल ओलांडून शापोरा नदीपलीकडे गेलं की पेडणे तालुका सुरू होतो आणि पाट्यांवरची अक्षरं बदलतात. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या किनारपट्टीवर रशियन लिपीतली मेनूकार्डं, भाड्याच्या खोल्यांचे फलक सर्रास दिसतात. नोव्हेंबर ते मार्च हा रशियन पाहुण्यांचा हंगाम. हरमलला इस्रायली मंडळीही बरीच. पेडण्याचा माणूस आपल्याशी सहज मराठीत बोलतो, त्यामुळे आपण परक्या मुलखात आहोत असं वाटतच नाही. गोंधळ होतो तो शॅकमध्ये शेजारी बसलेल्या किंवा त्याच गेस्ट हाऊसमध्ये उतरलेल्या पाहुण्याशी. त्याचं इंग्रजी कामचलाऊ, आपलंही तसंच. सावंतवाडी-दोडामार्गाकडची बरीच मुलं हंगामात इथे कामाला येतात. पुढचं त्यांनाही उपयोगी पडेल.

भांडणं बहुतेक आकड्यांवरून होतात, शब्दांवरून फार कमी. हिशेबाच्या चिठ्ठीवर आपण सवयीने देवनागरी अंक लिहितो. आपला ४ परक्याला 8 दिसतो आणि आपला १ घाईत लिहिला तर 9. म्हणजे १४० रुपयांची चिठ्ठी समोरच्याने 980 वाचली तर त्याच्या कपाळावर आठ्या पडणारच. उलट बाजूनेही तेच. रशियन माणूस 1 लिहिताना डोक्यावर लांब तिरकी रेघ काढतो, तो आपल्याला 7 वाटतो. त्याच्या खऱ्या 7 ला मधे आडवी रेघ असते. ती रेघ शोधायची, म्हणजे फसायला होत नाही. स्वल्पविरामही टाळा. त्यांच्याकडे स्वल्पविराम म्हणजे दशांशचिन्ह, त्यामुळे 1,500 म्हणजे दीड असंही वाचता येतं. सरळ 1500 लिहा. सगळ्यात सोपं म्हणजे फोनच्या कॅल्क्युलेटरवर आकडा टाकून पडदा समोर धरणं. पण आकडा कशाचा, तेही दाखवावं लागतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मासळी वाट्यावर विकतात. पाहुणा त्यातला एकच बांगडा उचलून भाव विचारतो, बाई वाट्याचा भाव सांगते आणि दोघांनाही वाटतं, समोरचा लुबाडतोय. मयड्याच्या केळ्यांचंही तसंच. भाव डझनाचा, बोट एका केळ्यावर. आधी अख्खा वाटा हाताने वेढून दाखवायचा, मग आकडा.

बोटांवर मोजणं तर टाळलेलंच बरं. आपण अंगठ्याने पेरं मोजतो. एका हातावर बारापर्यंत जातो, पण बघणाऱ्याला नुसता हात चोळल्यासारखा दिसतो. रशियन माणूस मनाशी मोजताना उघड्या पंजाची बोटं करंगळीपासून एकेक मिटत जातो. दोन मोजून झाले की त्याची तीन बोटं उभी असतात आणि वेटर तीन चहा घेऊन येतो. ऑर्डर घ्यायची असेल तर मेनूवरच्या ओळीवर बोट ठेवून शेजारी आकडा लिहून घ्या.

होकार-नकाराचा घोळ सगळ्यांना ऐकून माहीत असतो, तरी प्रत्यक्षात तोच होतो. ‘बरं, चालेल’ म्हणताना आपण मान दोन्ही खांद्यांकडे हलकी कलवतो. त्यांच्या हिशेबात मान खालीवर म्हणजे हो आणि डावी-उजवीकडे म्हणजे नाही. कलवलेली मान त्यांना ‘नाही’ वाटते, नाहीतर ‘बघू’. खोलीचं भाडं ठरवताना ‘बघू’ वाटणं महागात पडतं. मान स्पष्ट खालीवर हलवायची आणि एकदाच. ‘काय?’ विचारताना आपण पंजा मनगटातून फिरवतो, तो हात हलवून निरोप घेतल्यासारखा वाटतो. आणि पालथ्या पंजाने ‘इकडे ये’ म्हणून बोलावलं, तर समोरचा चक्क मागे सरकतो, कारण त्याला ते ‘जा’ दिसतं. पंजा उताणा करून चारही बोटांनी बोलवा. एका बोटाने नको, ते त्यांनाही उद्धट वाटतं.

आता त्यांच्या खुणा. गळ्याच्या बाजूला बोटाने टिचकी मारणं ही रशियन खूण दारूची आहे: एकतर ‘घ्यायची का थोडी?’ किंवा ‘तो प्यायलाय’. ती धमकी समजून रागावू नये. आपण मूठ करून अंगठा तोंडाकडे नेतो तोच हा प्रकार. इस्रायली माणूस पाची बोटांची टोकं जुळवून, हात उताणा धरून खालीवर हलवतो, तेव्हा तो ‘जरा थांब’ म्हणत असतो. आपल्याला वाटतं जेवायला मागतोय किंवा ‘थोडंसं’ म्हणतोय. अनोळखी माणसाकडे बघून हसायची रशियन रीत नाही. कोरा चेहरा म्हणजे राग नव्हे. आपणही उगाच दात काढत राहू नये, चेष्टा चालल्याचा संशय येतो.

वेळ ठरवताना फार जपा. टॅक्सी वाटून घ्यायची असेल आणि समोरच्याने मोडक्या इंग्रजीत ‘हाफ फाइव्ह’ म्हटलं, तर रशियन रीतीने ते साडेचार असतात. इंग्रजांच्या बोलण्यात तेच साडेपाच. मोपा विमानतळाची वेळ अशी एका तासाने चुकली तर विमान गेलंच. 16:30 असं रेल्वेच्या घड्याळासारखं लिहून दाखवा, ते रशियन पाहुण्याला लगेच कळतं. मजल्यांचंही असंच. त्यांचा पहिला मजला म्हणजे आपला तळमजला. ‘दुसऱ्या मजल्यावर एसी खोली’ कबूल केली असेल तर जिना चढून दाखवा. तारखा मात्र आपल्यासारख्याच, आधी दिवस, मग महिना.

भाषांतराचं ॲप वापरताना वाक्य तोडा. ‘पाणी सकाळी 7 ते 9 येईल’ हे एक, ‘बादली भरून ठेवा’ हे दुसरं. म्हणी, टोमणे, ‘जरा बघा ना’ असलं काही घालू नका. ॲपने भाषांतर केलेलं वाक्य उलट मराठीत फिरवून बघा. अर्थ टिकला असेल तरच फोन पुढे करा. हरमलला कड्याच्या वाटेने गोड्या पाण्याच्या तळ्याकडे जाताना नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. भाषेची फाइल खोलीतल्या वायफायवर उतरवून ठेवा. जेवणाच्या पथ्यासाठी फोटो हवेत. शेंगदाणे, काजू, कोळंबी, नारळ यांची चित्रं ठेवा आणि नको त्यावर फुली मारा. नुसतं ‘नट्स नको’ म्हटल्याने हुमणातला, म्हणजे माशाच्या कालवणातला, नारळ कुणी वगळत नाही.

पैशांचा एक मुद्दा ठाऊक असावा. रशियात काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्ड मार्च 2022 पासून परदेशात चालत नाहीत, म्हणून हे पाहुणे रोखीने व्यवहार करतात. क्यूआरच्या पाटीकडे पुन्हा पुन्हा बोट दाखवून त्यांना अडवू नका, गल्ल्यात सुटे ठेवा. खोली देणाऱ्यांनी परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा, ‘फॉर्म सी’ नावाने ओळखला जाणारा सरकारी फॉर्म 24 तासांत भरायचा असतो. त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचा फोटो त्यांच्यासमोरच काढून पासपोर्ट लगेच हातात परत द्या. तो कपाटात ठेवला की पाहुणा हबकतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही. स्वागताला फुलं देणार असाल तर विषम संख्येत. सम फुलं ते मयताला नेतात. आपला 51 आणि 101 चा आहेर बघितला तर हे पटायला जड जाऊ नये. चपला बाहेर काढणं त्यांच्याही घरात असतं, त्यामुळे तिथे शिकवत बसायची गरज नाही.

फोटोचं मात्र कडक सांगायला हवं, कारण इथे बहुतेक वेळा चूक आपल्या बाजूची असते. किनाऱ्यावर पहुडलेल्या बाईला घोळक्याने वेढून सेल्फी काढणं ही संस्कृतींची गफलत नाही, आगाऊपणा आहे. पर्यटन खात्याने जानेवारी 2023 मध्ये सूचनाच काढली: परवानगीशिवाय इतर पर्यटकांचे, विशेषतः ऊन घेणाऱ्यांचे आणि पोहणाऱ्यांचे, फोटो काढू नयेत. विचारायचंच असेल तर कॅमेरा खाली धरून, भुवया उंचावून, एकदा. उत्तर आलं नाही तर ते ‘नाही’ आहे. हरमलला मावळतीला ढोल वाजवणाऱ्यांच्या रिंगणातही हाच नियम.

किनाऱ्यावर लाल बावटा असेल तर पाण्यात उतरू नये. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला भाग पोहायला ठेवलेला असतो. परक्या माणसाला धोक्याची खूण करताना पालथा पंजा हलवू नका, तो आणखी आत जाईल. दोन्ही हात डोक्यावर आडवे-तिडवे धरून किनाऱ्याकडे बोट दाखवा आणि जीवरक्षकाला हाक मारा. पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन या सगळ्यांसाठी 112. रशियातही हाच क्रमांक आहे, त्यामुळे फोनवर तीन आकडे टाकून दाखवले की समजावावं लागत नाही.