ताटाभोवतीची माणसं

कोल्हापुरात शिवाजी पेठेत घराच्या पुढच्या खोलीत मी ब्लाऊज शिवते. दिवसभर बायकांची मापं घ्यायचं काम. अंग कुठून किती सुटलंय हे वजनकाट्याच्या आधी टेपला कळतं, हे मला फार वर्षांपासून ठाऊक आहे. गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला बाजूच्या शिवणीत मी चांगली इंच-दीड इंच माया ठेवते, म्हणजे पुढं उसवून सैल करता येतं. माझ्या स्वतःच्या ब्लाऊजांची सगळी माया मागच्या वर्षी संपली. वजन 78 किलो, उंची पाच फूट दोन इंच, कंबर 39. मशिनवरून उठताना गुडघा धरून उठावं लागायचं.

त्यातच रक्ताचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी ती एचबीएवनसी तपासणी, त्यात आकडा 6.2. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, 6.5 झालं की मधुमेहच. माझ्या आईच्या पायाला जखम झाली होती, ती भरता भरेना, शेवटी अंगठा काढावा लागला. तिच्या पायाची पट्टी मी बदलत होते. त्यामुळं 6.2 हा आकडा ऐकून मला काय वाटलं हे वेगळं सांगायला नको.

डॉक्टर म्हणाले वजन उतरवा. आहाराचा एक छापील कागद दिला. सकाळी ओट्स, दुपारी सॅलड आणि दोन फुलके, चारला ग्रीन टी, रात्री सूप. कागद वाईट नव्हता. पण आमच्या घरात सहा माणसं आणि एक चूल. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, दीर, जाऊबाई, आमचे हे, लेक आणि मी. सगळ्यांसाठी कांदा-लसूण चटणी घातलेली आमटी, वांग्याची भाजी, भाकरी करायची आणि मग स्वतःसाठी वेगळं सूप शिजवायचं, हे दिवसभर मशिनवर बसणाऱ्या बाईला किती दिवस जमेल? रात्री नऊला सगळे हसतखेळत जेवत असतात आणि आपण कडेला बसून वाटी चमच्यानं ढवळत असतो. त्या वेळी भूक पोटातच असते असं नाही. आपण पंगतीतून उठवले गेलोय असं वाटतं.

म्हणून मी आज जे लिहितेय ते डाएटबद्दल कमी आणि ताटाभोवतीच्या माणसांबद्दल जास्त आहे. माझं वजन जे काही उतरलंय ते त्यांच्यामुळं.

सुरुवात जाऊबाईंनी केली. स्वयंपाकघर आम्हा दोघींचं. त्यांनी मला न विचारता तेलाच्या बरणीतली पळी काढून घेतली आणि तिथं एक छोटा चमचा ठेवला. फोडणी त्या चमच्यानं, मोजून. आमच्याकडं महिन्याला सात लिटर तेल लागायचं, ते साडेचारवर आलं. लेकीनं वहीत हिशेब मांडला. माणशी रोजचं साधारण बारा ग्रॅम तेल कमी झालं, आणि एका ग्रॅमला नऊ कॅलरी म्हणजे शंभरावर कॅलरी रोज प्रत्येकाच्या ताटातून गेल्या. आमटीला तवंग कमी दिसतो म्हणून दीर आठवडाभर कुरकुरले. जाऊबाई त्यांना एवढंच म्हणाल्या, "तुमचं बी पॉट बघा की जरा." नंतर कुणी विषय काढला नाही.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरून हे रोज धारोष्ण दूध आणतात. समोर म्हैस पिळून दिलेलं, फेसाळ. ते बंद करा म्हणायला माझी जीभ रेटेना, लहानपणापासून ते पिऊन वाढलेला माणूस. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधापेक्षा जवळजवळ दुप्पट. यांनीच मार्ग काढला. दूध तेच, पण तापवून गार करायचं, साय पूर्ण काढायची आणि माझा वाटा त्यातला. साईचं तूप आत्या कढवतात, आणि माझ्या भाकरीवर ते सोडत नाहीत.

आत्यांचं मन वळणं ही सगळ्यात मोठी गोष्ट होती, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते. त्या पंचाहत्तरीच्या पुढच्या. त्यांच्या पिढीनं दुष्काळ बघितलेला, रेशनचा मिलो म्हणजे लाल ज्वारी खाल्लेली. सुनेच्या ताटात दुसऱ्यांदा वाढणं हीच त्यांची माया. "एक घास बसतोय की गं, असं काय करतीस" म्हणत त्या वाढत आणि मी खात असे. नको म्हटलं तर त्यांचा चेहरा पडे, आणि तो चेहरा बघण्यापेक्षा भाकरी खाणं सोपं जाई. लेकीनं एक दिवस त्यांच्याजवळ बसून माझ्या आईच्या पायाची सगळी हकीकत सांगितली. आत्यांना ती माहीत होतीच, पण ती आणि माझं ताट यांचा काही संबंध आहे हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात आधी काकडीची नाहीतर मुळ्याची कोशिंबीर, मग मोड आलेल्या मटकीची उसळ, आणि भाकरी शेवटी, एकच.

आषाढात त्र्यंबोलीची, म्हणजे आमच्या टेंबलाईची यात्रा झाली. कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते, आषाढात मंगळवारी-शुक्रवारी एकेक गल्ली पंचगंगेचं नवं पाणी कलशात घेऊन, पी ढबाक वाजंत्रीच्या तालावर टेंबलाईच्या टेकडीवर जाते, देवीच्या पायऱ्यांवर ते पाणी ओततात आणि मग घरोघरी मटण. आमच्याकडं वन्सं आल्या होत्या, त्यांच्या घरचे आले होते, पुढच्या खोलीत मशिन सरकवून पंगत बसली. तांबडा, पांढरा, सुकं, सगळं. पांढरा रस्सा दिसायला हलका, पण त्यात नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस असते. दोन वाट्या प्यायलं की जेवणाएवढं जेवण होतं. वन्संनी तिसऱ्या वाटीसाठी ओगराळं माझ्या ताटावर आणलं. सणाला असं कुठं मोजतात व्हय, असं त्यांचं म्हणणं. मी हात आडवा धरला होता, पण पाहुणीपुढं तो कधीच फार वेळ टिकत नाही. तेवढ्यात आत्या पलीकडून म्हणाल्या, "तिला न्हाई. तिच्या ताटाकडं मी बघतोय. तू तुझ्या पोरास्नी वाढ." वन्संचा हात तसाच मागं गेला. पुढं सगळी पंगत उठेपर्यंत कुणी मला काही वाढलं नाही. मी दोन फोडी सुकं, अर्धी वाटी पांढरा आणि भाकरी खाल्ली, आणि ते मला गोड लागलं. घरातल्या मोठ्या माणसानं चारचौघांत आपल्या वतीनं नको म्हणणं ही काय चीज आहे, हे सुनांना कळेल.

लेक बी.फार्म. करते. तिनं मला एका अमेरिकन अभ्यासाबद्दल वाचून दाखवलं. 2002 साली तो प्रसिद्ध झाला. माझ्यासारख्याच, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांवर लोकांवर तो केला होता. त्यातल्या एका गटाला वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं एवढंच ध्येय दिलं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण औषध नसलेली नुसती नावाची गोळी दिलेल्यांपेक्षा 58 टक्क्यांनी कमी राहिलं. पण मला भिडलं ते वेगळंच. त्या लोकांच्या हातात कागद देऊन घरी पाठवलं नव्हतं. प्रत्येकाला एक माणूस नेमून दिला होता, जो बसून बोलायचा, अडचण ऐकायचा, पुन्हा बोलवायचा. माझे सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. एवढं तरी डोळ्यांपुढं धरता येतं.

आणि माझा नेमून दिलेला माणूस म्हणजे गल्लीतल्या आक्का. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. पहाटे साडेपाचला त्या कडी वाजवतात. हाक मारत नाहीत, फोन करत नाहीत, दार उघडेपर्यंत कडी वाजवतात. त्या, शेजारच्या काकी, मी आणि कोपऱ्यावरच्या दुकानातली वहिनी अशा चौघी रंकाळा तलावावर जातो. आधी तलावातल्या संध्यामठापर्यंत जाऊन परत यायचो, गुडघा त्यापुढं नाहीच म्हणायचा. आता शालिनी पॅलेसच्या बाजूनं पूर्ण फेरी होते, चारेक किलोमीटर. पावसाळ्यात संध्यामठ पाण्यात जातो, वाट निसरडी होते, तेव्हा आक्कांनी आम्हाला त्यांच्या अंगणात व्यायाम करायला लावला. खुर्चीवर बसायचं, हात न टेकता उठायचं. भिंतीला हात लावून पुढं झुकायचं. पायाला रेतीची पिशवी बांधून पाय सरळ उचलायचा. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याचा भार ते घेतात, आणि चाळिशीनंतर बाईचे स्नायू आपोआप झिजत जातात म्हणून नुसतं चालून भागत नाही, हे त्यांनी समजावलं. एक किलो वजन उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा चारेक किलो भार कमी होतो, हेही त्यांच्याकडूनच कळलं. मशिनवरून उठताना ते मला रोज जाणवतं.

पहिले चार किलो उतरले आणि मग काटा हलेना. दिवाळी गेली तरी आकडा तोच. तेच ताट, तेच चालणं. याचं कारणही आहे. वजन घटलं की शरीर आधीपेक्षा कमी ऊर्जा खर्च करतं, भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं घटतं. शरीर आपलं जुनं वजन परत मागत असतं. हे कळून सुद्धा त्या दिवसांत मला रडू यायचं. गिऱ्हाईक बायका म्हणायच्या, चेहरा उतरलाय, आजारी आहेस का? कुणी सांगायचं, साखर सोडलीस ना, मग गूळ खा, आपल्या कोल्हापूरचा गूळ आहे. गूळ मला फार आवडतो, पण उष्मांकात तो साखरेच्या बरोबरीनंच येतो. या बायका प्रेमानं बोलत होत्या, तरी त्या बोलण्यानं मी खचत होते.

तेव्हा जाऊबाईंनी माझा टेप माझ्याच गळ्यातून काढला. वर्षानुवर्षं मी सगळ्यांची मापं घेतली, माझं कुणी घेतलं नव्हतं. त्यांनी कंबर मोजली, दंड, मांडी, आणि माझ्या ऑर्डर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं. पंधरा दिवसांनी परत. काटा तिथंच होता, कंबर मात्र सुरुवातीच्या 39 वरून साडेसदतीसवर आली होती. मग काटा आम्ही कपाटावर ठेवला आणि महिन्यातून एकदाच खाली काढतो.

आत्ताचा हिशेब असा. वजन 73.6, कंबर साडेछत्तीस, साखर 5.9. सात टक्क्यांना अजून किलोभर कमी आहे. आपल्याकडच्या बायकांसाठी कंबर 80 सेंटीमीटरच्या आत हवी असं डॉक्टर सांगतात, म्हणजे साडेएकतीस इंच, तिथवर बराच पल्ला आहे. रात्री मशिनवर उशीर झाला की अजूनही शेवेचा डबा हाताशी ओढावासा वाटतो. यांनी तो डबा आता दुकानातून आणायचाच थांबवलाय. लग्नसराईची कामं आली की चालणं चुकतं, मग आक्का संध्याकाळी येऊन माझ्या खुर्चीशेजारी उभ्या राहतात आणि दहा वेळा उठबस करून घेतात, ब्लाऊज हातात असलं तरी.

मागच्या आठवड्यात शेजारच्या गल्लीतल्या दोघी फॉल-पिकोला साड्या टाकायला आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, आम्हीपण येतो रंकाळ्याला, एकट्या गेलो तर दोन दिवसांत सोडून देतो. त्यांची मापं मी तिथंच घेतली आणि वहीच्या शेवटच्या पानावर माझ्या खाली लिहिली. आक्कांना त्यांची घरं दाखवून ठेवलीत. सोमवारपासून त्या दोन्ही घरांच्या कड्या वाजतील.